कर्करोगाने पचनमार्ग अडतो तेव्हा: स्टेंटचा निर्णय, तयारी आणि घरची काळजी

कर्करोग पुढच्या टप्प्यात गेल्यावर कधी घास खाली उतरेनासा होतो, कधी खाल्लेले तासन्‌तासांनी उलटून पडते, कधी डोळे पिवळे होतात, तर कधी पोट टम्म फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद होतात. यांपैकी काहीही झाले की रुग्णालयात ‘स्टेंट टाकून घेऊ’ असा सल्ला बहुधा लगेच मिळतो आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी विचार करायला नातेवाइकांकडे फार थोडा वेळ उरतो. हा मजकूर त्या थोड्या वेळासाठी आहे. पुण्यात ही सोय बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत असल्यामुळे ‘कुठे करावे’ हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. करावे का, कोणत्या अपेक्षेने करावे आणि नंतर काय सांभाळावे, हे प्रश्न अवघड आहेत.

पचनमार्गातला धातूचा स्टेंट म्हणजे बहुतेक वेळा निकेल आणि टायटॅनियमच्या नितिनॉल या मिश्रधातूच्या तारांची विणलेली जाळीदार नळी. ती दाबून, बारीक करून एका लांब नलिकेत बसवलेली असते. डॉक्टर दुर्बिणीतून आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत आधी अडथळ्यातून एक तार पलीकडे नेतात, त्या तारेवरून ती नलिका सरकवतात आणि नेमक्या जागी स्टेंट मोकळा सोडतात. तो तिथे आपोआप फुलतो आणि पूर्ण उघडायला एक ते तीन दिवस घेतो. पोटावर चीर पडत नाही. पण गाठ आहे तिथेच राहते. स्टेंट तिला फक्त बाजूला दाबून वाट मोकळी ठेवतो. ही गोष्ट रुग्णालाही स्पष्ट सांगितलेली असावी. ‘छोटे ऑपरेशन झाले, आता बरे वाटेल’ एवढेच सांगून वेळ मारून नेलेल्या घरांत महिन्याभराने पुन्हा अडचण आली की रुग्णाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते, आणि तेव्हा समजूत घालणे फार कठीण जाते.

सहीआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न असा विचारावा, की अडथळा नेमका कुठे आहे आणि एकच आहे की अनेक. याचे उत्तर दुर्बिणीपेक्षा सीटी स्कॅनमध्ये अधिक नीट मिळते, म्हणून ताजा सीटी स्कॅन झाला नसेल तर तो का केला नाही हे विचारायला संकोच करू नये. अंडाशयाचा, जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग पोटातल्या अस्तरावर पसरला असेल, तर लहान आतडे अनेक ठिकाणी आवळले गेलेले असू शकते. अशा वेळी एका जागी स्टेंट बसवणे म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरचा एक चौक मोकळा करून पुढचे चार तुंबलेले ठेवण्यासारखे आहे. उलटी थांबत नाही, खर्च आणि त्रास मात्र होतो.

दुसरा प्रश्न विचारायला जड जातो, पण त्याच्याशिवाय निर्णय नीट होत नाही: डॉक्टरांच्या अंदाजाने हाताशी असलेला काळ आठवड्यांत मोजायचा आहे की महिन्यांत? हे भविष्य म्हणून ऐकायचे नसून उपायाची निवड करण्यासाठी विचारायचे असते. थोडाच काळ असेल तर लगेच गुण देणारा उपाय बरा. काही महिने दिसत असतील तर गुण यायला उशीर लागला तरी टिकाऊ असलेला उपाय अनेकदा अधिक शहाणपणाचा ठरतो.

तिसरा प्रश्न रुग्णालाच विचारावा. त्याला नक्की काय हवे आहे? कुणाला वरणभाताचे चार घास तोंडाने खायचे असतात, कुणाला नाकातली नळी काढायची असते, कुणाला अंगाची खाज थांबून झोप लागली तरी पुरते. ही इच्छा डॉक्टरांना शब्दांत सांगितली की ‘स्टेंटने हे साधेल का’ असे थेट विचारता येते, आणि उत्तरही थेट मिळते.

याच वेळी आणखी एक गोष्ट ठरवून ठेवावी. स्टेंट बसवताना किंवा नंतर आतड्याला छिद्र पडण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका थोडा असला तरी असतो. तसे घडले तर रुग्णाला तातडीच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी न्यायचे का, व्हेंटिलेटरवर ठेवायचे का, हे मध्यरात्री आयसीयूच्या दारात भावंडांनी एकमेकांशी वाद घालत ठरवण्यापेक्षा आदल्या दिवशी रुग्णासमोर बसून ठरवलेले केव्हाही चांगले.

जागेप्रमाणे फरक

अन्ननलिकेतला स्टेंट साधारण १८ ते २३ मिलिमीटर रुंद असतो आणि फक्त पाणी उतरणाऱ्या रुग्णाला एकदोन दिवसांत मऊ अन्न गिळता येऊ लागते. पहिले काही दिवस छातीत दुखते. हे अपेक्षित असते, म्हणून घरी सोडतानाच वेदनाशामक औषध लिहून घ्यावे. पाणी पिताच ठसका लागत असेल तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये छिद्र झालेले असू शकते. अशा ठिकाणी आवरण असलेला स्टेंट हाच बहुधा पहिला उपाय असतो आणि तो लांबणीवर टाकू नये. घशाच्या अगदी जवळच्या गाठीत स्टेंट सतत टोचत राहतो आणि श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो, त्यामुळे तिथे निर्णय अधिक जपून घ्यावा लागतो. ज्यांच्या हाताशी काही महिने आहेत त्यांच्यासाठी ब्रॅकिथेरपीचा, म्हणजे अन्ननलिकेच्या आतून दिलेल्या किरणोपचाराचा पर्याय विचारावा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका चाचणीत स्टेंटने गुण लवकर आला, पण दीर्घकाळात ब्रॅकिथेरपीचा गुण अधिक टिकला आणि गुंतागुंतही कमी झाली. ही सोय सगळीकडे नसते, हेही खरे.

जठराच्या तोंडाशी किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला अडथळा असेल, तर सकाळचे अन्न संध्याकाळी जसेच्या तसे उलटून पडते. स्वादुपिंडाच्या, जठराच्या आणि पित्ताशयाच्या कर्करोगात हे दिसते. इथे स्टेंटच्या आधी राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी घालून जठर पूर्ण रिकामे करणे अत्यावश्यक असते, कारण गुंगीत असताना उलटी फुप्फुसात गेली तर ती जिवावर बेतू शकते. पित्तनलिकेचे तोंड याच भागात उघडते. म्हणून कावीळ असेल किंवा होण्याची चिन्हे असतील, तर पित्तनलिकेचा स्टेंट आधी बसवायचा का हे जरूर विचारावे; आतड्यातला स्टेंट एकदा त्या तोंडावर बसला की पित्तनलिकेत शिरणे अवघड होते. दुसरा मार्ग म्हणजे जठर पुढच्या आतड्याला जोडण्याची बायपास शस्त्रक्रिया. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, तशा लहानच असलेल्या एका चाचणीत स्टेंटनंतर खाणे लवकर सुरू झाले, पण दोन महिन्यांहून अधिक जगणाऱ्या रुग्णांत बायपासचा गुण अधिक टिकला. आता हा बायपास एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाशी बसवलेल्या सोनोग्राफीच्या साहाय्याने, चीर न देताही करता येतो. त्यासाठी मात्र तो नियमित करणारा हात हवा, आणि ‘तुम्ही स्वतः हे नेहमी करता का’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

पित्तनलिकेबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण उशीर सर्वांत जास्त इथे होतो. डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे अजूनही आधी काविळीचा झाडपाला घेतला जातो, कुणीतरी कावीळ उतरवून देणारा सुचवतो, आणि दोनतीन आठवडे जातात. वयस्कर माणसाला न दुखता आलेली, वाढतच जाणारी कावीळ, सोबत अंगभर खाज, गडद लघवी आणि मातकट पांढरे शौच असेल, तर ती नलिका दाबल्यामुळे असण्याची शक्यता मोठी असते आणि तिला झाडपाल्याचा उपयोग नाही. स्टेंट बसवण्याची प्रक्रिया ईआरसीपी नावाने ओळखली जाते. प्लास्टिकचा स्टेंट स्वस्त असतो, पण बारीक असल्याने साधारण तीन महिन्यांत गाळ साचून बंद पडतो. धातूचा स्टेंट बहुधा १० मिलिमीटर रुंद असतो आणि बराच अधिक काळ चालतो. त्यामुळे ‘आत्ता स्वस्तातला टाकू’ असे ठरवताना पुन्हा भरती होण्याचा आणि पुन्हा ईआरसीपी करण्याचा खर्चही हिशेबात धरावा. प्लास्टिकचाच बसवला असेल तर बदलण्याची तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. रुग्ण ठीक दिसतो म्हणून ही तारीख पुढे ढकलली जाते आणि मग थंडी वाजून ताप येतो. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीकडे जाणारी तीव्र वेदना आणि उलट्या हे तिचे लक्षण. दुर्बिणीतून नलिका गाठता आली नाही, तर पोटाच्या बाहेरून यकृतात सुई घालून पित्ताचा निचरा करतात, त्याला पीटीबीडी म्हणतात. त्यात काही काळ बाहेर पिशवी बाळगावी लागू शकते. पुष्कळदा केमोथेरपी सुरू करण्यासाठी बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य, खाली आणायचे असते, त्यामुळे स्टेंटची वेळ कर्करोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावी.

मोठ्या आतड्यात डाव्या बाजूच्या अडथळ्यासाठी स्टेंट चांगला चालतो आणि पोटावर पिशवी बसवणे टळू शकते. मात्र गुदद्वाराच्या अगदी जवळच्या गाठीत त्यामुळे सतत कळ येते, कधी शौचावर ताबाही राहत नाही. रुग्णाला बेव्हॅसिझुमॅब हे कर्करोगावरचे इंजेक्शन सुरू असेल किंवा देण्याचे ठरले असेल, तर ते स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याने आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. पिशवी म्हणजे हार, असे मानण्याचे कारण नाही. नीट बसवलेली कोलोस्टोमी, म्हणजे पोटावरची शौचाची ही वाट, सतत दुखणाऱ्या स्टेंटपेक्षा पुष्कळ सुसह्य असते.

आदल्या दिवसांची तयारी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्यांची नावे आणि शेवटचा डोस केव्हा घेतला हे लिहून न्यावे. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाने क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन मनाने बंद करू नये. ते हृदयरोगतज्ज्ञ आणि एन्डोस्कोपी करणारे डॉक्टर मिळून ठरवतात. काविळीच्या रुग्णात रक्त गोठण्याची क्षमता कमी झालेली असू शकते, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून लागल्यास व्हिटॅमिन ‘के’ दिले जाते. मधुमेह असलेल्यांनी उपाशी राहण्याच्या दिवशी इन्सुलिनचे काय करायचे हे आधीच विचारावे. उपाशी राहण्याचा अवधी डॉक्टर सांगतील तोच पाळावा. जठर अडलेले असेल तर तो नेहमीपेक्षा मोठा असतो आणि ‘फक्त घोटभर चहा’ ही सवलत चालत नाही.

कित्येक दिवस काहीच खाल्लेले नसेल तर वाट मोकळी होताच पोटभर खाऊ घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. फार दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम अन्न दिल्यास रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतात, म्हणून प्रमाण हळूहळू वाढवून रक्ततपासणी केली जाते.

सातारा, सोलापूर किंवा नगरकडून येणाऱ्यांनी रुग्णालयातून सोडल्यावर लगेच गावी परतू नये. शक्य असेल तर दोनतीन दिवस पुण्यातच नातेवाइकांकडे किंवा जवळपास थांबावे, कारण सुरुवातीची गुंतागुंत याच काळात होते आणि घाटात अडकलेल्या गाडीत काहीच करता येत नाही. गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत तारीख मिळत असेल, तर पेठांमधले बंद रस्ते लक्षात घेऊन आदल्या दिवशीच भरती व्हावे.

खर्चाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर २०१७ सालापासून सरकारने कमाल मर्यादा घातली आहे, पण ती हृदयाच्या स्टेंटपुरतीच आहे. पचनमार्गाच्या स्टेंटला ती लागू होईल असे धरून चालू नये. म्हणून स्टेंटची किंमत, प्रक्रियेचा खर्च आणि खोलीभाडे असे तीन वेगळे आकडे लेखी मागावेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ही प्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचारावे. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-अअ खालील योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाची कागदपत्रे घेऊन वैद्यकीय समाजसेवकाला भरतीच्या वेळीच भेटावे, बिल हातात आल्यावर नव्हे. ससून रुग्णालयाचा मार्ग आहेच, आणि महापालिका हद्दीतल्या रहिवाशांनी शहरी गरीब योजनेची चौकशी करावी.

घरी आल्यावर

अन्ननलिकेच्या स्टेंटचे पहिले चोवीस तास साधारणपणे पातळ पदार्थांचे असतात: नाचणीची पेज, ताक, गाळलेले वरणाचे पाणी. त्यानंतर आसट मुगाची खिचडी, तुपातला पातळ शिरा, कुस्करलेले पिकलेले केळे, दह्यात कालवलेला गुरगुट्या भात असे चालते. चालत नाही ती कोरडी भाकरी, पोळीचे तुकडे, पाव, पालेभाजीचे देठ, शेवग्याच्या शेंगेचे दोरे, संत्र्याच्या फोडींची साले आणि चिवट मटण. साबुदाण्याच्या खिचडीबाबत विशेष सांगायला हवे: एकादशीला रुग्णाला ‘हलके काहीतरी’ म्हणून ती दिली जाते, पण गार झालेला साबुदाणा चिकट गोळा होऊन जाळीत बसतो. उपवासच करायचा असेल तर साबुदाण्याची पातळ खीर द्यावी. ताठ बसून, लहान घास घेऊन, मध्ये मध्ये कोमट पाणी पीत जेवावे आणि शेवटी थोडा सोडा किंवा पाणी प्यावे. मोठ्या गोळ्यांऐवजी पातळ औषध मिळते का ते विचारावे. प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर पूर्ण मात्रा एकदम अंगात जाते.

घास अडकलाच तर माशाचा काटा अडकल्यावर करतो तसा कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे वरून ढकलू नये. खाणे थांबवून ताठ बसावे, थोडे सोडा-पाणी घोट घोट घ्यावे, आणि थुंकीही गिळता येत नसेल तर रुग्णालय गाठावे. दुर्बिणीतून अडकलेले अन्न काढता येते. स्टेंट जठराच्या तोंडावरून खाली गेला असेल तर आम्ल वर येते. अशांनी आम्ल कमी करणारी गोळी नियमित घ्यावी, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करावी आणि जेवल्यावर दोनतीन तास आडवे होऊ नये.

जठराच्या पुढच्या स्टेंटलाही जवळपास हीच पथ्ये लागतात, फक्त थोडे थोडे आणि दिवसातून पाचसहा वेळा खावे. मोठ्या आतड्यातल्या स्टेंटमध्ये शौच मऊ राहणे सर्वांत महत्त्वाचे असते. पेरू, मका, सालींसकट फळे आणि तंतुमय भाज्या टाळाव्यात आणि डॉक्टरांनी दिलेले रेचक नेमाने घ्यावे. वेदनेसाठी मॉर्फिन सुरू असेल तर ते दुप्पट आवश्यक असते, कारण मॉर्फिनने मलावरोध होतो.

थंडी वाजून ताप आला, विशेषतः पित्तनलिकेत स्टेंट असताना, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नये. पुन्हा पिवळे दिसणारे डोळे किंवा बरळणे सोबत असेल तर तो जंतुसंसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो. अचानक असह्य पोटदुखी, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच किंवा श्वास लागणे यासाठीही तीच घाई हवी. गाडीची सोय नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. स्टेंटचे कार्ड, त्यावरची कंपनी, आकार आणि तारीख यांचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असावा. पुढे एमआरआय करायचा झाला किंवा दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले तर हीच माहिती पहिल्यांदा विचारली जाते.

स्टेंट पुन्हा अडला, किंवा बसवताच येत नसेल तर

जाळीतून गाठ आत वाढू शकते आणि आवरण असलेला स्टेंट जागेवरून सरकू शकतो. पहिल्याच्या आत दुसरा स्टेंट बसवता येतो, आणि रुग्णाची ताकद चांगली असेल तर ते योग्यही असते. पण पहिल्या वेळी विचारलेले प्रश्न दुसऱ्या वेळी पुन्हा विचारावेत, कारण रुग्णाची प्रकृती आणि इच्छा दोन्ही आता बदललेल्या असतात.

अनेक जागी आतडे अडलेल्या रुग्णासाठीही करण्यासारखे बरेच असते. ऑक्ट्रिओटाइडच्या इंजेक्शनने आतड्यातला स्राव कमी होऊन उलट्या कमी होऊ शकतात, डेक्सामेथासोनने काहींची सूज उतरते, आणि नाकातली नळी नको असेल तर पोटावरून जठरात छोटी नळी बसवून साचलेले द्रव बाहेर काढता येते. मग रुग्ण चवीपुरते चहा-सरबत पिऊ शकतो. हे उपाय घरी चालवायचे असतील तर वेदनोपशामक सेवेची ओळख स्टेंटच्या निर्णयाच्या सुमारासच करून घ्यावी. वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना ही सेवा विनामूल्य देत आहे. पहिल्या भेटीला जाताना बायॉप्सीचा अहवाल, शेवटच्या सीटी स्कॅनची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि सध्या चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी. रुग्णाला हलवणे कठीण असेल तर आधी एकट्या नातेवाइकाने कागद घेऊन जाऊन बोलून यावे.